एकाने कमी

माझं पार्सलचं दुकान आहे. लोक खोकी आणून देतात, आम्ही वजन करतो, पत्ता चिकटवतो, गाडीत भरतो. कुणाचं काही आलं आणि माणूस घरी नसला तर ठेवूनही घेतो. या धंद्यात माणसाला बाकी काही कळो न कळो, कुणाचं काय येतं आणि कुणाचं काय जातं ते बरोबर कळतं. म्हणून पडदेताईंची हकिकत मला जितकी ठाऊक आहे तितकी त्यांच्या सख्ख्या आईलाही नसेल.

पडदेताई माझ्या दुकानाच्या वरच, पहिल्या मजल्यावर राहतात. नाव गल्लीने ठेवलं आणि त्यांनी चालवून घेतलं. त्यांची जीभ मात्र गल्लीतल्या निम्म्या लोकांना चालत नाही. बाई चांगली शिकलेली, दिसायला शांत, पण कुणी एक बोट दाखवलं की पाचही बोटं मोडून हातात देणारी. मला त्या काका म्हणतात. मी त्यांना ताई म्हणतो, वयाने वीसएक वर्षांनी लहान असल्या तरी.

त्यांच्या वडिलांचं पडद्यांचं दुकान होतं. वडील गेले, दुकान धाकट्या भावाकडे आलं, आणि दोन वर्षांत समोर उड्डाणपूल झाला. गिऱ्हाईक डोक्यावरून जायला लागलं. भाऊ गल्ल्यावर बसून माश्या मारायचा. त्याच सुमाराला ताईंचा संसार मोडला आणि त्या परत आल्या. परत आलेल्या बाईला लोक जे सढळ हाताने देतात ते त्यांनाही मिळालं, म्हणजे सल्ला. तो त्यांनी एका कानाने घेतला आणि दुकान इंटरनेटवर नेलं.

नेलं म्हणजे काय केलं ते मी पाहिलंय. दुकानात उजेड नव्हता म्हणून कापडाचे फोटो त्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काढायच्या. डाव्या हातात कापडाचं टोक धरायचं आणि उजव्या हाताने फोटो. त्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर इस्त्रीने भाजल्याचा डाग आहे, तोही फोटोत यायचा. खाली मजकूर लिहायच्या: "फोटोत हा हिरवा जरा जास्तच आनंदी दिसतोय. घरी आल्यावर शेवाळासारखा दिसेल. शेवाळ आवडत असेल तरच घ्या."

भाऊ कपाळाला हात लावायचा. "ताई, असं लिहिल्यावर कोण घेणार?"

"ज्याला शेवाळ हवंय तो घेईल. आणि तो परत पाठवणार नाही."

खरोखर परत यायचं नाही. ऑनलाइन कापडाच्या धंद्यात माणूस मरतो तो परत आलेल्या मालाने. जाण्याचंही भाडं आपलं, येण्याचंही आपलं, आणि कापड चुरगळलेलं. ताई गिऱ्हाइकाकडून खिडकीचा फोटो मागवायच्या, काच मोजू नका दांडा मोजा म्हणून बजावायच्या, कुणाच्या बाळाच्या खोलीला कुठला पडदा लागेल ते सांगायच्या. मोठ्या ऑनलाइन बाजारातही त्यांनी दुकान मांडलं होतं. तिथे एकाच वस्तूचे दहा विक्रेते असतात आणि ज्याचा भाव कमी तो सगळ्यांच्या वर दिसतो. ताई रोज सकाळी तिथे बसून बाकीच्यांचे भाव बघायच्या आणि आपले हाताने बदलायच्या. कुठल्या पडद्यात किती खाली उतरता येईल, म्हणजे गिरणीचा दर, शिलाई, माझं भाडं आणि वर थोडी नासधूस, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर कुठे नव्हतं. कुणी कधी मागितलंही नव्हतं.

दुकान वर आलं. भावाने गोदाम घेतलं, त्यात काचेची केबिन केली, गाडी आली. मग त्याने कार्डं छापली. एक कार्ड माझ्या काउंटरवर ठेवून गेला. त्याच्या नावाखाली लिहिलं होतं: संस्थापक. ताईंनी ते कार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबांनी दुकान काढलं, मी ते चालवलं, आणि संस्थापक हा. बरंय. निदान काहीतरी स्थापन केलं म्हणायचं." तेव्हा त्या हसल्या होत्या.

हसणं संपलं त्या दिवशी त्या कामाच्या ऐन वेळेला खाली आल्या. एरवी त्या वेळी त्या लॅपटॉपपुढून हलत नसत.

"काका, माझा पासवर्ड चालत नाही."

"इंग्रजी अक्षरांचं लॉक लागलं असेल," मी म्हणालो. मला तेवढंच माहीत.

"लॉक भावाने लावलंय."

त्यांनी त्याला फोन केला होता. तो अगदी गोड बोलला. म्हणाला, ताई, आता आपण एक कंपनी लावलीय. सगळं सिस्टिमवर. भाव मशीन ठरवतं, गिऱ्हाइकांना उत्तरं मशीन देतं. तुझं काम तसं होतं काय, फोटो काढायचे आणि गप्पा मारायच्या. खूप केलंस. आता आराम कर.

"आराम कर म्हणाला," ताई म्हणाल्या. "म्हाताऱ्या बैलाला म्हणतात तसा."

वाईट वाटलं तर माणूस रडतो. ताई रडल्या नाहीत. त्यांनी तिथेच काउंटरवर फोन काढून भावाचं ऑनलाइन दुकान उघडलं आणि मला दाखवलं. पानामागून पान, त्यांचाच हात. त्यांचीच खिडकी, त्यांच्या अंगठ्यावरचा डाग, त्यांनीच लिहिलेलं शेवाळ. त्यांनी पुन्हा भावाला फोन लावला, माझ्यासमोर.

"माझा हात काढ तिथून."

"ताई, फोटो दुकानाचे आहेत."

"हात माझा आहे."

"मग काय, कापून परत पाठवू?" आणि तो हसला. मला ऐकू आलं. तसं वाईट हसणं नव्हतं, घरात थट्टा करताना हसतात तसंच होतं. पण ताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "काका, या हसण्याचं मी वसूल करणार. व्याजासकट."

मी म्हणालो, "आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात त्याचे. ओठ कुणाचे ते बघू."

पुढचे काही महिने त्यांनी स्वतःचा धंदा उभा केला. घरचीच बाहेरची खोली, एक टेबल, भिंतीला लावलेल्या फळ्या. गिरणीवाले ओळखीचे; भावाला देत तोच माल यांनाही देऊ लागले. खोली पूर्ण अंधार करणारे जाड पडदे असतात, त्यांचे ताईंनी सहा रंग घेतले आणि त्याच मोठ्या ऑनलाइन बाजारात लावले. तिथे भावाचं दुकान आधीपासून होतंच. म्हणजे एकाच पानावर वर-खाली बहीण-भाऊ, आणि गिऱ्हाइकाला पत्ता नाही.

एका सकाळी त्या जिना उतरून आल्या त्या पायरीवरून घसरता घसरता वाचल्या, इतकी घाई.

"काका, हे बघा. मी साडेसहाशे लावला. त्याचा भाव सहाशे एकोणपन्नास झाला. बरं. मी सहाशेवीस केला. त्याचा सहाशे एकोणीस. एकाने कमी. दर वेळी एकाने कमी."

"मग मशीन चांगलं आहे की."

"मशीन चांगलंच आहे. ते समोरच्याचा भाव वाचतं आणि त्याच्या एकाने खाली जातं. पण असं मशीन लावताना सांगावं लागतं की बाबा, याच्या खाली जायचं नाही. प्रत्येक वस्तूचा तळ सांगावा लागतो." त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "आज मी मुद्दाम गिरणीच्या दराच्याही खाली गेले. ते माझ्यामागोमाग आलं. काका, त्याला तळच नाहीये. तळ माझ्या डोक्यात होता. भावाने रकाना रिकामा ठेवलाय."

मी इतका हुशार नाही, पण एवढं मलाही कळलं. ज्याच्या घोड्याला लगाम नाही त्याला दरीकडे न्यायला फार जोर लागत नाही.

ताईंनी घाई केली नाही. आधी एकच रंग घेतला, राखाडी. आपल्याकडे 'नग एक' असं लिहिलं, म्हणजे कुणी घेतलाच तर एकच जाईल, आणि भाव अर्ध्यावर आणला. भावाचं मशीन एकाने खाली उतरलं. मग ताईंच्या मावसबहिणीने, ती दवाखान्यात परिचारिका आहे, भावाच्या दुकानातून राखाडी पडद्यांच्या दहा जोड्या मागवल्या. मग समोरच्या शिकवणीवाल्या बाईंनी पंधरा. मग त्या बाईंच्या नणंदेने. सगळ्यांचा पत्ता एकच, माझं दुकान, 'येऊन घेऊन जाऊ'. माल पोचला की वर जायचा, घड्या तपासल्या जायच्या, नवी पिशवी, नवी चिठ्ठी, आणि तोच पडदा ताईंच्या दुकानातून, भाव पुन्हा वर नेऊन, दुसऱ्या गावी निघायचा. येतानाही माझ्याकडून, जातानाही माझ्याकडून. माझी चैन होती.

एकदा मी विचारलं, "ताई, हे बरोबर आहे का?"

"मी दरोडा घातला? भाव त्याने लावला, मी पैसे मोजले, पावती घेतली. बाजार आहे हा. मला आराम करायला सांगितला होता ना? करतेय. घरबसल्या खरेदी."

आणि गंमत अशी की भाऊ खूश होता. ऑर्डरींचा पाऊस पडत होता ना! त्याने गोदामात भिंतीवर मोठा पडदा लावला, कापडाचा नाही, दिव्याचा, टीव्हीसारखा. त्यावर सगळे भाव दिसायचे आणि ऑर्डर आली की टिंग वाजायचं. आईने ताईंना फोन करून सांगितलं, "भावाचं बघ गं, दिवसभर घंटा वाजतेय. तू उगाच रुसून बसलीस. ते मशीन फारच गुणी निघालं." ताईंनी फोन ठेवला आणि माझ्या काउंटरखालच्या खोक्यावर बसून इतक्या हसल्या की मला पाणी द्यावं लागलं.

त्या दिवसांत त्या छान दिसायच्या. खरं सांगतो. गाल वर आले होते, चालण्यात ताठा होता. रागाने माणूस वाळतो म्हणतात. ताईंना तो मानवला.

मग एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे त्यांच्या दुकानाचे जुने शिंपी, वडिलांच्या वेळचे. पडद्याच्या चुण्या त्यांच्या हातच्या. मुलीला काहीतरी पाठवायचं होतं म्हणून माझ्याकडे आले, आणि वजन होईपर्यंत सहज सांगावं तसं म्हणाले, "मला काढलं."

"का हो?"

"माल जातोय, पैसा दिसत नाही. कुणीतरी मागच्या दाराने नेतंय म्हणाले. मागच्या दाराशी माझं शिलाई मशीन."

झालं असं होतं की ताईंच्या भावजयीच्या लक्षात आलं, घंटा खूप वाजतेय पण बँकेत काही येत नाही. तिने नवऱ्याला विचारलं. नवऱ्याने कंपनीच्या माणसाला विचारलं. हा माणूस चाळिशीचा, कानात सदैव काहीतरी खुपसलेलं, म्हणून ताई त्याला कानखजुरा म्हणायच्या. कानखजुऱ्याला रिकामा रकाना दिसला असणारच. पण तो स्वतःच्या अंगावर येईल म्हणून त्याने बोट दाखवलं गोदामाकडे. "सिस्टिममध्ये गडबड नाही सर. गळती माणसांत असते." आणि भावाने समोर दिसला तो माणूस धरला.

मी वर जाऊन ताईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. पण लगेच म्हणाल्या, "वाटेत मोठा लॉट आहे काका. पन्नास जोड्या. ती पार्सलं येऊ देत आधी. मग बघते."

पार्सलं आली. ताईंनी मोजून घेतली. त्यानंतर एका दुपारी त्यांनी नीट इस्त्री केलेले कपडे घातले आणि मला म्हणाल्या, "चला. साक्षीदार हवाय."

"मास्तरांसाठी चाललात?"

"हो. आणि दुसरं म्हणजे, त्याला वाटतंय त्याला चोराने लुटलं. चोराने! मी इतकं केलं आणि नाव चोराचं?"

मला वाटतं, हे दुसरं कारण वजनाने जास्त भरलं असतं.

गोदामात शिरलो तेव्हा दोन बायका खोकी भरत होत्या, भावजय टेबलाशी बसून काहीतरी जुळवत होती, आणि केबिनमध्ये भाऊ आणि कानखजुरा. बहिणीला पाहून भाऊ उठून बाहेर आला. "अगं ताई! ये ना, बस. पाणी आणा रे."

ताई बसल्या नाहीत. "मास्तरांनी काहीही चोरलेलं नाही. तुझा माल मी घेतला. तूच लावलेल्या भावाने. आणि तो भाव मी तुझ्याकडून लावून घेतला."

भाऊ हसला. तेच हसणं, फोनवरचं. "ताई, हे सॉफ्टवेअर आहे गं. हजारो लोकांचे भाव वाचतं ते. तू घरी बसून त्याला हलवणार? तुला कसं जमेल?"

मी ताईंकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, संपलं. हा माणूस स्वतःच्या पायाने विहिरीत उतरला.

"वर बघ," ताई म्हणाल्या. "वरून तिसरी ओळ. राखाडी. किती?"

"सहाशे एकोणचाळीस."

ताईंनी फोन काढला, दोन-तीनदा बोट फिरवलं. "थांब आता. त्याला वाचायला जरा वेळ लागतो. तुझ्यासारखंच आहे."

आम्ही सगळे भिंतीकडे बघत उभे. खोकी भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. एखादं मिनिट गेलं असेल. तिसरी ओळ लुकलुकली: तीनशे नव्याण्णव.

"मी चारशे केला होता," ताई म्हणाल्या. "आता दोनशे करते."

एकशे नव्याण्णव. टिंग.

"ही ऑर्डर माझी नाही हं. ही कुणातरी परक्याची. माणसं हुशार असतात, स्वस्त दिसलं की घेतात. आता एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी होईल बघ."

झाला. टिंग. टिंग.

भावाचा रंग उतरला. तो कानखजुऱ्याकडे वळला. "तळ काय टाकलाय? खाली जायचं नाही असं काही टाकलं नाही का?"

"सर, तुम्हीच म्हणालात रिकामं ठेवा, नंतर भरू."

"मला काय माहीत कुठला किती ते!"

"त्यांना माहीत होतं," भावजय म्हणाली. हळूच म्हणाली, मान वर न करता. पण गोदामात तेवढ्या वेळात फक्त घंटाच वाजत होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

ताईंचं बोट चालूच होतं. त्या चौथ्या ओळीवर गेल्या होत्या. मग पाचव्या. एकेक आकडा असा खाली येत होता जसा कुणी जिन्यावरून ढकलून द्यावा. टिंग, टिंग, टिंग.

"ताई, थांब."

"मास्तरांना फोन लाव. सगळ्यांसमोर माफी माग."

त्याने लावला. ताईंनी खूण केली म्हणून आवाज मोठा केला. "मास्तर, चूक झाली. माल तुम्ही नव्हता नेला. ताईनेच... म्हणजे ते मशीन... तुम्ही उद्यापासून या."

पलीकडून मास्तरांचा आवाज, नेहमीसारखाच संथ: "शेजारी ताई आहेत का? मग दोघांनीही ऐका. तुमच्या घरच्या भांडणात मला सुई म्हणूनसुद्धा वापरू नका." आणि फोन बंद.

हे ताईंच्या हिशेबात नव्हतं. क्षणभर त्यांचं बोट थांबलं. तेवढ्यात कानखजुऱ्याने केबिनमध्ये धावत जाऊन मशीन बंद केलं, आणि झालं भलतंच. मशीन थांबलं, पण भाव जिथे पडले होते तिथेच राहिले. आता एकेक ओळ हाताने वर करायची, आणि ते त्या खोलीत कुणालाच भरभर येत नव्हतं. म्हणजे एकीला येत होतं.

भाऊ म्हणाला, "ताई, कर ना गं. पाया पडतो."

ताईंनी पर्स खांद्याला लावली. "माझं काम काय होतं? फोटो काढायचे आणि गप्पा मारायच्या. आज तेवढंच. गप्पा मारून झाल्या."

आम्ही निघालो. दारापर्यंत, आणि दाराबाहेरही, ती घंटा ऐकू येत होती. पुलाखालून चालताना ताईंनी माझा दंड धरला. "काका, त्याचं तोंड पाहिलंत? अठ्ठ्याऐंशी झालं तेव्हा? कसं झालं होतं?"

मी सांगितलं.

"पुन्हा सांगा."

घर येईपर्यंत मी ते चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी थोडं तिखटमीठ लावलं, तर त्यांनी ते बरोबर ओळखलं आणि म्हणाल्या, "वाढवू नका. होतं तेवढं पुरेसं आहे."

पुढचं लवकर सांगून टाकतो. भावाला त्या दरात माल देणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने ऑर्डरी रद्द केल्या. इतक्या ऑर्डरी एकदम रद्द केल्यावर मोठ्या बाजाराने त्याचं दुकानच बंद करून टाकलं. त्याने अर्ज केले, विनवण्या केल्या. तिकडूनही उत्तरं मशीनच देत होतं. गोदाम सुटलं. कानखजुऱ्याच्या कंपनीने हात वर केले. आता भाऊ पुन्हा पुलाखालच्या जुन्या दुकानात बसतो. चालतं बरं-वाईट. संस्थापकाची उरलेली कार्डं भावजय किराण्याची यादी लिहायला वापरते, असं तिने स्वतःच मला सांगितलं. ती मधूनमधून येते माझ्याकडे. वर जात नाही.

खोकी भरणाऱ्या दोघींपैकी एकीला ताईंनी कामावर घेतलं. दुसरीला घेण्याइतकं काम नव्हतं.

मास्तरांकडे ताई स्वतः गेल्या, मलाही बरोबर घेतलं. दुप्पट शिलाई देईन म्हणाल्या, जागा देईन, मशीन नवं घेईन. मास्तर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागले होते. त्यांनी ताईंना बसायला स्टूल दिलं आणि म्हणाले, "माल कुठे जातोय ते तुम्हाला ठाऊक होतं. मला काढलं तेही कळलं होतं. तरी तुमची पार्सलं येईपर्यंत तुम्ही थांबलात." हे त्यांना कुणी सांगितलं? मीच बोलून गेलो होतो, नकळत. ताईंनी उलट उत्तर दिलं नाही. त्या बाईने उत्तर दिलं नाही असं मी तेवढंच एकदा पाहिलं. घरी येताना मला म्हणाल्या, "तुमचंही तोंड काही कमी नाही काका," आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पार्सलं मात्र माझ्याकडेच दिली.

आई आली ती भर उन्हात. मी तिची पिशवी घेऊन वर सोडायला गेलो. जिन्यात तीनदा बसली. वर पोचल्यावर धापा टाकत लेकीला म्हणाली, "या वयात मला दोन-दोन जिने चढायला लावलेत तुम्ही दोघांनी. तो म्हणतो तिचं तोंड बघणार नाही. तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. मी त्याचं तोंड बघून आले."

"भावाचं दुकान बुडवलंस."

"माझं होतं ते आई. माझंच बुडवलं."

आई म्हणाली, "पासवर्ड बदलायच्या आधी त्याने मला विचारलं होतं. मीच म्हटलं, बदल. ती दिवसभर त्या डबड्यापुढे बसते, डोळे जातील तिचे. मला वाटलं, सुटशील."

मी पिशवी ठेवून निघणारच होतो, पण पाय उचलेना. ताई खिडकीशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो ना," ताई म्हणाल्या. "म्हणूनच विचारायचं असतं."

आई जेवून गेली. त्यानंतरही येते, महिन्या-दोन महिन्यांनी. मुलाकडे राहते, लेकीकडे येते, आणि एकाच्या घरातलं दुसऱ्याच्या घरात बोलत नाही. तिला मी विचारलं, दोघांचं जमवत का नाही? तर म्हणाली, "मी एकदा मधे पडले होते. पुरे."

मला लोक विचारतात, शेवटी ताईंना वाईट वाटलं का? गोष्टीत वाटायला हवं, नाही का? मला तसं काही दिसलं नाही. मास्तरांचा विषय निघाला की त्या उठून जातात, एवढंच. भावाचा विषय निघाला की बसून राहतात, खुर्ची पुढे ओढून.

परवाचीच गोष्ट. खाली माझ्या काउंटरवर खोकी चढवत होत्या आणि फोन आला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मोहरी रंगाचं जाड, उभ्या रेघांचं कापड हवं होतं. बायकोने तीस वर्षांपूर्वी तसे पडदे लावले होते, आता एक फाटलाय, जोडीला तसाच पाहिजे, कुठेही मिळत नाहीये. ताईंनी नीट ऐकून घेतलं. रेघेची रुंदी विचारली. अस्तर आहे का विचारलं. आवाजात इतकी माया होती की मलाच भरून आलं. मग म्हणाल्या, "नाही हो आजोबा. तो माल आता कुठेच येत नाही. मी तुम्हाला जवळचा रंग शोधून देते, फोटो पाठवते."

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "ताई, मोहरी रंगाचा, उभ्या रेघांचा तागा तुमच्या भावाच्या दुकानात आहे. दर्शनी काचेतच लावलाय. मी सकाळीच पाहिला."

"मीही पाहिलाय," ताई म्हणाल्या, आणि चिकटपट्टीचं टोक नखाने शोधू लागल्या.